सिनेवाचं विरजण

सिनेवा म्हातारी हट्टी आहे, हे आमच्या दरीतलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. मी म्हणते, आहेच हट्टी! नसती, तर आज आमच्या पेल्यांत पाकिटातली पावडर असती आणि आम्ही तिलाच बिअर म्हणून माना डोलावत बसलो असतो.

मी राग्ना. एकतीस वर्षं मी या दरीत टपाल वाटलं. कुणाच्या घरी काय शिजतंय आणि कुणाच्या घरी काय करपतंय, हे मला कुणी सांगावं लागत नाही. सिनेवाचं घर दरीच्या पार वरच्या टोकाला. तिचं एक पत्र द्यायचं म्हणजे अर्ध्या तासाची चढण. पण मी कधी कुरकुर केली नाही, कारण वर पोचलं की पत्र घ्यायच्या आधी ती हातात पेला द्यायची. सरकारी गणवेशात बिअर पिऊ नये म्हणतात. म्हणोत बापडे.

तिच्या हट्टाच्या गोष्टी किती सांगू? रस्ता रुंद करायला माणसं आली आणि तिची ज्युनिपरची झुडपं तोडायला निघाली, तेव्हा ही स्वयंपाकघरातली खुर्ची घेऊन झुडपांत जाऊन बसली. चार दिवस. विणकाम घेऊन. पाचव्या दिवशी रस्ता वळला. आजही आमच्या रस्त्याला तिथं एक विनाकारण वळण आहे आणि बर्गनहून येणारे ड्रायव्हर तिथं शिव्या घालतात.

नवरा गेला तेव्हाचं तर विचारूच नका. आर्नफिन तिचा नवरा, साधा, अबोल माणूस. मयताला येणाऱ्यांना घरची बिअर पाजायची, ही आमच्याकडची रीत. सिनेवानं तिसऱ्याच दिवशी मोठं पातेलं चढवलं. आता बिअरमध्ये विरजण घालताना ओरडावं लागतं, तेही पोटातून. पाद्री घाबरून तिच्या दारात आला. म्हणाला, ‘सिनेवा, घरात दुःख आहे. आज तरी आरोळी नको.’

ही म्हणाली, ‘पाद्रीबाबा, आर्नफिनला ऐकू जायला नको का? आज तर जास्तच मोठ्यानं ओरडायला लागेल.’

आणि ओरडली! मी तेव्हा खाली पुलावर होते, तिथं ऐकू आलं.

हे ओरडणं काय आहे ते सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. जवाला मोड आणायचे, ते वाळवायचे, ज्युनिपरच्या डहाळ्या घालून उकळलेल्या पाण्यात त्याचा गोड काढा करायचा. काढा अंगाइतका कोमट झाला की विरजण सोडायचं आणि सोडता सोडता आरोळी ठोकायची. आरोळी जेवढी जोरदार, तेवढी बिअर जोरदार. कुजबुजत घातलं तर मिळमिळीत होते. वर गरम पांघरुणं गुंडाळायची. दोन दिवसांत बिअर तयार. पाकिटातलं यीस्ट अंगाच्या उबेला सडकी चव देतं. त्याला थंड तळघर लागतं, दोन-दोन आठवडे लागतात, नखरेच फार.

विरजण म्हणजे मागच्या बिअरच्या तळाचा साका. कापडावर पसरून वाळवला की त्याचा ब्रेडच्या चुऱ्यासारखा तपकिरी भुगा होतो. सिनेवाला तो सासूनं दिला, सासूला शेजारणीनं, त्याच्या मागचं कुणालाच ठाऊक नाही. त्याचे नियम मात्र सगळ्यांना ठाऊक. मागेल त्याला द्यायचं. विकायचं नाही. घेणाऱ्यानं आभार मानायचे नाहीत. आणि आपलं मेलं, उंदरानं खाल्लं, घर जळलं, तर ज्याला दिलं होतं त्याच्याकडून परत आणायचं. म्हणून कुणी दोन बरण्या ठेवत नाही. शेजारी हीच आपली दुसरी बरणी.

आमचं मंडळ निघालं तेसुद्धा सिनेवाच्या गोठ्याशेजारच्या खोलीत. घरी बिअर, वाईन, मधाची दारू करणारे आम्ही अकरा जण. वर्षातून एकदा, नोव्हेंबरच्या पहिल्या शुक्रवारी, सगळ्यांनी आपापलं घेऊन जमायचं, चाखायचं, एकमेकांची टर उडवायची. बास. पण मग हालवोर शाळेतून निवृत्त झाला.

हालवोर माझा शेजारी. त्याचं तळघर आणि माझं स्वयंपाकघर यांच्यात फक्त एक कुंपण आहे. तीस वर्षं पोरांना विज्ञान शिकवलं, मग ओस्लोला जाऊन बिअरचा परीक्षक होण्याचा कोर्स करून आला. आला तो थर्मामीटर, पट्ट्या आणि गुणपत्रिका घेऊनच. एक मान्य करते, त्यानं आम्हाला बाटल्या उकळायला शिकवलं. त्याआधी आमच्या निम्म्या बाटल्यांना पायमोज्यांचा वास यायचा. पण शहाणपणालाही काही हद्द असते की नाही?

तीन वर्षांपूर्वी त्यानं सिनेवाच्या बिअरला पन्नासपैकी चौदा गुण दिले. खाली लिहिलं, ‘जंतुसंसर्ग झालेला आहे. कोणत्याही प्रकारात बसत नाही. विरजण फेकून द्यावे.’

सिनेवानं तो कागद वाचला, चार घड्या घातल्या आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. मी म्हटलं, ‘चुलीत घाल तो.’

‘राहू दे. चूल कुठं पळून जातेय?’

त्याच हिवाळ्यात हालवोरनं नियम मांडला. घरच्या विरजणाची बिअर मंडळाच्या टेबलावर आणायची नाही, कारण त्यातले जंतू हवेतून इतरांच्या बाटल्यांत जातात. त्या वर्षी माझी रूबार्बच्या आंबट देठांची वाईन नासली होती. मला वाटलं, जातही असतील. सात हात वर गेले, त्यातला एक माझा होता. सांगायला लाज वाटते, पण होता. सिनेवानं सगळ्यांकडे एकदा पाहिलं, टोपी घातली आणि तिथून पुढं दोन वर्षं ती आमच्यात आली नाही. घरी मात्र तिची बिअर चालूच होती. आरोळी ऐकू यायची ना!

यंदा मे महिन्यात ती थांबली.

झालं असं, की तिची सून बर्गनहून आली. चांगली पोरगी आहे, कामाला वाघीण. सासूला विश्रांती म्हणून तिनं एका दुपारी मासे आणि मॅकरोनी दुधात घालून भट्टीत भाजलं. त्यावर खरपूस थर हवा म्हणून फ्रीजरमधली बरणी काढली आणि त्यातला चुरा वर पसरला. सगळे जेवायला बसले. सिनेवा दुसऱ्या घासाला थांबली.

‘वर काय घातलंस गं?’

‘ब्रेडचा चुरा. बरणीतला. जुना वाटला म्हणून संपवून टाकला सगळा.’

सिनेवानं चमचा खाली ठेवला. मग परत उचलला आणि ताट स्वच्छ केलं. सुनेला एका शब्दानं बोलली नाही. संध्याकाळी माझ्याकडे आली, दारातच बसली आणि म्हणाली, ‘राग्ना, आम्ही माझ्या सासूला खाल्लं गं.’

मला आधी हसू आलं. मग तिचं तोंड पाहिलं आणि हसू गिळलं.

दुसऱ्या दिवसापासून ती मुरंब्याची रिकामी बरणी खिशात टाकून दरीभर फिरू लागली. तिनं नऊ घरांना विरजण दिलं होतं. एका घरातले म्हातारे गेले आणि पोरांनी घर विकलं. दुसऱ्यांनी कोंबड्यांना घातलं. तिसऱ्यांचं कधीच मेलं होतं, पण तिला सांगायची हिंमत नव्हती. बाकीच्यांनी मान खाली घालून पाकिटं दाखवली. नियम झाला होता ना! मग घरचं जपायचं कशाला? एकोणऐंशी वर्षांची बाई, काठी टेकत नऊ दारं चढली आणि नऊही दारांतून बरणी तशीच रिकामी घेऊन उतरली. हालवोरच्या दारात ती गेली नाही. त्यानं कधी मागितलंच नव्हतं, मग त्याच्याकडे असणार कुठून?

सप्टेंबरात मला म्हणाली, ‘मी मेले तर मेले, त्याचं काही नाही. पण हे माझ्या हातून मेलं. इतक्या बायकांनी सांभाळून माझ्यापर्यंत आणलं, आणि माझ्या ताटात संपलं.’

माझा वर गेलेला हात मला दिसत राहिला.

ऑक्टोबरातली गोष्ट. मंगळवार होता. मी खिडकीशी सफरचंदं सोलत बसले होते. एकदम हालवोरच्या तळघरातून असा आवाज आला, की सुरी माझ्या बोटात घुसली. गुराला कापताना येतो तसा. मी बोटाला फडकं गुंडाळून धावत गेले. दारात त्याची बायको बोर्गिल्ड उभी.

‘काय झालं गं?’

‘काही नाही. पायावर पिंप पडलं त्याच्या.’

पण ती माझ्याकडे बघत नव्हती. दुसऱ्या दिवशी हालवोर टपालपेटीपर्यंत ताठ चालत गेला. मी म्हटलं, बरा झाला लवकर. मेलं माझं डोकं! तेव्हा काही उजेड पडला नाही.

नोव्हेंबरचा पहिला शुक्रवार आला. संध्याकाळी सहाला जुन्या शाळेत टेबलं लागली. पातळ कुरकुरीत भाकरी, वाळवलेलं मटण, चीज. सगळे बसतायत तोवर दार उघडलं आणि सिनेवा आत आली. हातात बाटली नाही, काही नाही. नुसता कोट आणि काठी. तीन किलोमीटर चालत आली होती.

हालवोर उठला. ‘ये, सिनेवा. पण नियम तुला माहीत आहे. बाटली न आणणारा पाहुणा. पाहुण्यानं गुण द्यायचे नाहीत.’

‘गुण ठेव तुझ्यापाशी. पेला दे.’

ती माझ्या शेजारी येऊन बसली. मी हळूच विचारलं, ‘आलीस कशाला? त्रास करून घ्यायला?’

‘मंडळ माझ्या गोठ्यात जन्मलं. शेवटचं एकदा बघून जाते.’

आधी वाईन. माझी रूबार्बची पहिली. ओम्मुंड मधमाश्या पाळतो, मधाची दारू करतो आणि जिभेला हाड नाही. एक घोट घेऊन म्हणाला, ‘राग्ना, उरलेली मला दे. सायकलची साखळी धुवायची आहे.’

‘तुझ्या मधाच्या दारूत माशीचे पंख सापडतात, ते आधी वेच,’ मी म्हटलं. लोक हसले. सिनेवासुद्धा जरा हसली.

मग ओम्मुंडची मधाची दारू झाली आणि शेवटी बिअर. शेवटचं पिंप हालवोरचं. तो उभा राहून सांगू लागला, ‘बेल्जियममधल्या एका मठाचं यीस्ट आहे. अठरा अंशांवर, सोळा दिवस, अगदी सावकाश.’ पेले भरले. एकेकाचे डोळे मोठे झाले. ओम्मुंड गप्प झाला, यावरून काय ते समजा. कागदावर त्यानं सेहेचाळीस लिहिले, मी पाहिलं.

सिनेवानं पेला नाकाशी नेला आणि तशीच राहिली. मग एक घोट. मग दुसरा. मग पेला टेबलावर ठेवला. आर्नफिनच्या मयतातही मी तिचे डोळे भरलेले पाहिले नव्हते. ते त्या वेळी भरले.

‘हालवोर, हे विरजण कुणाचं?’

‘सांगितलं की. मठातलं.’

‘कुठल्या मठात माझी सासू होती रे?’

हालवोरचे कान लाल झाले. ‘सिनेवा, एक चव दुसरीसारखी लागू शकते. आणि तुझं वय झालं. माणसाबरोबर जीभही म्हातारी होते.’

माझ्या अंगाचा तिळपापड झाला! टेबलावर आपटायला हात उचलला, तर बोटावरची ती जखमेची खूण दिसली. आणि एकदम सगळं जुळलं.

‘तू ओरडलास!’ मी उठूनच उभी राहिले. ‘त्या मंगळवारी तळघरात तू ओरडलास! पिंप पडलं म्हणे पायावर! अरे, पाकिटातल्या पावडरीवर कोण ओरडतं रे?’

तेवढ्यात बोर्गिल्डनं, मटण कापत होती ती, सुरी खाली ठेवली.

‘आणि माझ्या दोन्ही दुलया?’ ती शांतपणे म्हणाली. ‘मंगळवारपासून गुरुवारपर्यंत पिंपाला गुंडाळल्या होत्यास. मी दोन रात्री कोट घालून झोपले. म्हणे अठरा अंश. म्हणे सोळा दिवस. मला खोटं बोलायला लावलंस ते निराळंच.’

हालवोर खाली बसला. इतकी वर्षं त्याला फळ्यापुढं उभा पाहिलेला, असा बसलेला कधी पाहिला नव्हता.

‘तुझ्या पिंपाचा तळ मी ओस्लोच्या प्रयोगशाळेत पाठवला होता,’ तो म्हणाला. ‘त्याच वर्षी. संसर्ग आहे, हे कागदावर हवं होतं मला.’

‘ते जाड पाकीट!’ मी ओरडले. ‘मीच तर आणून दिलं तुला!’

‘काय लिहिलं होतं?’ सिनेवानं विचारलं.

‘संसर्ग नाही. असं जोमदार विरजण क्वचित मिळतं. कृपया जपून ठेवा.’ त्याचा आवाज खाली गेला. ‘तोवर नियम झाला होता. मग कसा सांगणार? थोडं ठेवलं होतं, ते वापरत राहिलो.’

‘आणि उन्हाळाभर मी बरणी घेऊन फिरत होते तेव्हा? तुझ्या कुंपणापुढून गेले मी. दोनदा.’

‘पाहिलं होतं,’ हालवोर म्हणाला.

ओम्मुंडला काय ते सुचावं! ‘पण ओरडलास कशाला, बाबा? गप्प राहिला असतास तर पचलं असतं.’

‘आई ओरडायची,’ हालवोर म्हणाला. ‘घालायला गेलो आणि तोंडातून निघून गेलं. दर वेळी निघतं. या वेळी खिडकी लावायला विसरलो.’

सिनेवानं कोटाच्या आतून कागद काढला, घड्या उलगडल्या आणि त्याच्यापुढं सरकवला. ‘वाच.’

‘सिनेवा...’

‘मोठ्यानं. मागच्यांना ऐकू गेलं पाहिजे.’

त्यानं वाचलं. चौदापासून ‘फेकून द्यावे’पर्यंत. वाचून झाल्यावर घाईघाईनं म्हणाला, ‘मी भरपाई करतो. एक कंपनी आहे, असली विरजणं पाकिटातून जगभर पोचवते. पाकिटावर तुझं नाव घालू. तुझं नाव राहील, सिनेवा.’

‘माझं नाव?’ ती काठी टेकून उठली. ‘ते माझं कधी होतं? सासूला शेजारणीनं दिलं, तिचंसुद्धा नाव कुणाला आठवत नाही. नाव नव्हतं म्हणून तर एवढी वर्षं जगलं. पाकिटात जायचं नाही ते. विकायचं नाही. मी मागतेय आणि तू देतोयस, एवढंच आहे आपल्यात. तळ दे.’

‘नियमाचं काय?’ मागून कुणीतरी म्हणालं.

‘हात वर करून केलात ना? मग हात खाली करा. झालं.’

आणि तिनं खिशातून मुरंब्याची बरणी काढून टेबलावर ठेवली. नऊ घरं फिरलेली ती बरणी.

तळ मिळवायचा तर वरची बिअर आधी काढायला हवी. मग काय! जग आणले, बादली आणली, जो तो पेला भरत होता आणि रिकामा करत होता. ओम्मुंडनं पिंप तिरकं धरलं. तळाशी दाट, पांढरट साका होता. सिनेवानं बरणी भरली, झाकण लावलं, छातीशी कोटात ठेवली आणि बटणं लावली. मग म्हणाली, ‘आता पेले पुढं करा. प्रत्येकानं एकेक चमचा घरी न्यायचा. माझ्या एकटीच्या घरात राहिलं तर पुन्हा माशावर जाईल, दहा घरांत हवं.’

एकेक जण पुढं गेला. माझी पाळी आली. मी म्हटलं, ‘सिनेवा, त्या दिवशी माझा हात वर होता.’

‘पाहिला होता मी. आज मोठ्यानं बोललीस. धर. रूबार्बमध्ये घालशील तर बघ.’

आभार तोंडावर आले होते. तिनं डोळे वटारले, मी गिळले.

शेवटी हालवोर राहिला. पेला हातात, पण पुढं येईना. सिनेवानं चमचा वर धरला.

‘चोरून नेलंस ते मोजत नाही मी. माग.’

‘सिनेवा...’ तो अख्ख्या खोलीसमोर म्हणाला. ‘मला तुझं विरजण दे.’

तिनं त्याच्या पेल्यात चमचा उलटा केला, दोनदा झटकला आणि म्हणाली, ‘आणि या वेळी दार उघडं ठेव.’

शनिवारी सकाळी वरून आरोळी आली. पुलावरच काय, चर्चच्या पायऱ्यांवर ऐकू आली म्हणतात. मी अंगणात उभी होते. कुंपणापलीकडं तळघराचं दार सताड उघडलं, हालवोर बाही वर करून पातेल्यापाशी उभा होता आणि बोर्गिल्ड दुलया घेऊन आली होती. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं, मान फिरवली आणि डोंगराकडे तोंड करून असा ओरडला मेला, की माझी मांजर झाडावर जाऊन बसली.